पट्टेरी मण्यारच्या मादीचा डीएनए: 'बीकेएम'चं प्रकरण

सापात पिल्लू नर होणार की मादी, हे आईकडून ठरतं. नराकडे लिंग-गुणसूत्रांची झेड-झेड अशी सारखी जोडी असते, मादीकडे झेड आणि डब्ल्यू. पक्ष्यांतही असंच असतं, माणसात मात्र उलटं: मादी एक्स-एक्स, नर एक्स-वाय. निदान नाग, धामण, घोणस, मण्यार यांच्याबाबत हे पक्कं आहे. अजगराचं निराळं आहे, आणि त्या निराळेपणानं या प्रकरणाला ४१ वर्षांनी एक अनपेक्षित वळण दिलं. ते क्रमानं पुढे येईलच.

प्रकरण आहे 'बीकेएम' नावाच्या डीएनएचं. 'बँडेड क्रेट मायनर सॅटेलाइट' याची ही आद्याक्षरं. बँडेड क्रेट म्हणजे आपला पट्टेरी मण्यार: पिवळे-काळे रुंद पट्टे, पाठीवर उंच कणा, शेपटीचं टोक बोथट. महाराष्ट्रात तो दिसतो तो विदर्भाच्या पूर्व भागात, गडचिरोली-गोंदियाकडे. त्याच्या मादीच्या डीएनएमधून वेगळा काढलेला एक छोटा अंश पुढे उंदरात, माशीत आणि माणसात शोधला गेला, आणि शेवटी भारतीय न्यायालयांत पुरावा म्हणून पोचला. वर्तमानपत्री लेखांत हा प्रवास सरळ रेषेत सांगितला जातो. प्रत्यक्षात तो तसा झाला नाही. प्रयोगशाळेत जे मोजलं गेलं ते जवळजवळ सगळं टिकलं. मोजमापांवर उभ्या केलेल्या कथांपैकी बऱ्याच कोसळल्या.

बनारसमधला प्रश्न

साठच्या दशकाच्या अखेरीस बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. एस. पी. राय-चौधरी यांच्या हाताखाली सापांच्या गुणसूत्रांवर काम चालू होतं. जौनपूर जिल्ह्यातल्या कलवारी गावचे लालजी सिंह तिथे पीएचडी करत होते. बहुतेक सापांत ३६ गुणसूत्रं असतात, १६ मोठी आणि २० अगदी ठिपक्यांसारखी. मोठ्यांतली चौथी जोडी लिंग ठरवणारी.

त्या आधी, १९६४ मध्ये, साओ पावलोच्या बुटांटान संस्थेतलं बेसाक दांपत्य आणि अमेरिकेतले सुसुमु ओनो यांनी एक आकर्षक मांडणी केली होती. बोआ या अजगरासारख्या सापांच्या कुळात चौथ्या जोडीतली दोन्ही गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखी दिसतात. धामणीच्या कुळात डब्ल्यूचा आकार थोडा बदललेला असतो. घोणसाच्या, म्हणजे विषारी व्हायपर कुळात डब्ल्यू पार आक्रसून गेलेलं असतं. म्हणजे उत्क्रांतीच्या तीन पायऱ्या आजही तीन कुळांत जिवंत आहेत: आधी सारखी जोडी, मग किंचित फरक, मग ऱ्हास. ओनोंच्या मते सुरुवात आकारबदलानं झाली. गुणसूत्राचा एक भाग उलटा फिरला, त्यामुळे जोडीदाराशी देवाणघेवाण थांबली आणि डब्ल्यूची झीज सुरू झाली.

बनारसच्या गटाला हा क्रम खटकला. काही सापांत झेड आणि डब्ल्यू आकारानं अगदी सारखी होती, तरी किरणोत्सर्गी थायमिडीन (डीएनएची नवी प्रत बनताना वापरला जाणारा घटक) देऊन पाहिलं तेव्हा डब्ल्यूची प्रत बनायला इतरांपेक्षा उशीर होत होता. विभाजन चालू नसलेल्या पेशींतही मादीच्या केंद्रकात एक गडद ठिपका दिसे, तो डब्ल्यूचाच. मग आकार बदलण्याआधीच डब्ल्यूच्या डीएनएमध्ये काहीतरी बदललेलं असणार. पण 'काहीतरी' म्हणून भागत नाही. ते काय आहे हे सांगायचं तर रंगकामावर थांबून चालणार नव्हतं, डीएनए हातात घ्यावा लागणार होता.

एडिनबरा: चांदीचे आयन आणि एक पट्टा

१९७४ मध्ये सिंह राष्ट्रकुल शिष्यवृत्तीवर एडिनबरा विद्यापीठात केन जोन्स यांच्याकडे गेले. निवड अचूक होती. गुणसूत्र काचेवर जसंच्या तसं ठेवून त्यावर नेमक्या कोणत्या ठिकाणी एखादा अनुक्रम, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा ठरावीक क्रम, आहे हे दाखवण्याचं तंत्र १९६९ मध्ये ज्यांनी पुढे आणलं, त्यांत जोन्स होते.

पद्धत समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, म्हणून इथे जरा थांबू. सापाचं रक्त या कामाला सोयीचं असतं. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं, सरपटणाऱ्यांच्या पेशींत ते असतं. त्यामुळे थोड्याशा रक्तातूनही भरपूर डीएनए मिळतो. तो स्वच्छ करून, तुकडे करून सीझियम सल्फेटच्या द्रावात मिसळतात आणि दोन-तीन दिवस प्रचंड वेगानं फिरवतात. नळीत वरून खाली घनता वाढत जाते आणि डीएनए आपल्या घनतेच्या उंचीवर स्थिरावतो. घनता ठरते ती रचनेवरून: डीएनएची ए, टी, जी, सी ही चार अक्षरं म्हणजे बेस, त्यांतले जी आणि सी जितके जास्त तितका डीएनए जड.

नेहमीच्या जीनोमचा एक जाडजूड मुख्य पट्टा बनतो. एखादा छोटा अनुक्रम हजारो वेळा ओळीनं आला असेल आणि त्याचं बेसप्रमाण सरासरीपेक्षा वेगळं असेल, तर त्याचा स्वतंत्र बारीक पट्टा बाजूला पडतो. मुख्य पट्ट्याच्या आजूबाजूला राहतो म्हणून तो 'सॅटेलाइट' डीएनए. अडचण अशी की काही सॅटेलाइट मुख्य पट्ट्याच्या आतच लपून बसतात. त्यासाठी द्रावात चांदीचे आयन घालतात. चांदी सगळ्या डीएनएला सारखी चिकटत नाही, बेसचं प्रमाण आणि त्यांची मांडणी पाहून चिकटते. लपलेला पट्टा मग घनता बदलून बाहेर सरकतो.

आता काचेवरचा भाग. पट्ट्यातला डीएनए काढून घ्यायचा, त्याची किरणोत्सर्गी आरएनए प्रत बनवायची, गुणसूत्रांवर सोडायची आणि वर फोटोग्राफीचं इमल्शन लावून अंधारात ठेवायचं. प्रत जिथे जुळते तिथे काळे कण उमटतात.

१९७६ मध्ये सिंह, पर्डम आणि जोन्स यांनी 'एलाफी रेडिएटा' या सापाच्या मादीवर हे केलं. आपल्याकडच्या तस्कर सापाचा हा जवळचा नातेवाईक. मिळालेला एक सॅटेलाइट सरळ डब्ल्यूवर जाऊन बसला. मग त्याच प्रतीनं इतर कुळं तपासली. आकारानं झेडसारखंच दिसणारं डब्ल्यू असलेल्या सापांतही तो सापडला. बनारसचा अंदाज खरा ठरला: आकार बदलायच्या आधीच डब्ल्यूवर पुनरावृत्तींची गर्दी झालेली असते. बोइडी, म्हणजे बोआच्या कुळात मात्र, ज्यात तेव्हा अजगरही धरले जात, तो सापडला नाही. लेखकांनी त्याचा अर्थ लावला की तिथे डब्ल्यूचं वेगळेपण अजून सुरूच झालेलं नाही. त्या काळी दुसरा अर्थ कुणालाही सुचला नसता. ही नकारात्मक नोंद लक्षात ठेवा.

१९८० मध्ये त्याच तिघांनी पट्टेरी मण्यारच्या मादीतून तसाच एक छोटा सॅटेलाइट वेगळा केला. हाच बीकेएम.

चार अक्षरं

बीकेएमनं गोंधळ उडवला तो इतर प्राण्यांत. सापाच्या डब्ल्यूवरचा हा डीएनए उंदराच्या वाय गुणसूत्रावर, सेंट्रोमियरच्या (गुणसूत्राच्या आवळलेल्या भागाच्या) आसपास, घट्ट जुळला. उंदीर आणि साप यांचा समान पूर्वज तीस कोटी वर्षांमागचा. लिंग ठरवण्याची पद्धतही उलट: सापात वेगळं गुणसूत्र मादीकडे, उंदरात नराकडे. तरी दोन्हीकडे वेगळ्या असलेल्या गुणसूत्रावरच हा अनुक्रम गोळा झालेला. फळमाशीच्या डीएनएतही तो सापडला.

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियात ओनो यांच्या गटातल्या यॉर्ग एप्लेन आणि सहकाऱ्यांनी सापाच्या डब्ल्यूचा एक तुकडा क्लोन करून वाचला. आत दोन साध्या पुनरावृत्ती निघाल्या: जी-ए-टी-ए आणि जी-ए-सी-ए. पहिलीलाच पुढे सगळे 'गाटा' म्हणू लागले.

रचनेच्या दृष्टीनं गाटा मजेशीर आहे. एका धाग्यावर जी-ए-टी-ए, समोरच्यावर त्याचे जोडीदार. आठ बेसपैकी जी आणि सी मिळून दोनच, म्हणजे २५ टक्के. सापांच्या एकूण जीनोमात हे प्रमाण साधारण ४० टक्के असतं. जी-ए-सी-ए मध्ये ते ५० टक्के होतं. म्हणजे एक पुनरावृत्ती सरासरीपेक्षा हलकी, दुसरी जड, आणि दोन्ही एकमेकींना लागून. नुसत्या सरासरी बेसप्रमाणावर विसंबून अशा मिश्रणाचा माग काढणं किती फसवं, हे या आकड्यांवरूनच दिसतं. दुसरी गोष्ट, दोन्हींत एका धाग्यावर चारपैकी तीन बेस प्युरिन गटातले (ए किंवा जी). दोन धाग्यांची रचना इतकी असमान असलेला डीएनए शेकडो अक्षरं तसाच पुढे जातो.

दोन मोठे दावे, आणि त्यांचं काय झालं

पहिला दावा: हा अनुक्रम कोट्यवधी वर्षं जपला गेला आहे, म्हणून त्याला मोठं काम असणार. दुसरा, त्यातूनच निघालेला: हे काम लिंगनिश्चितीचं असावं.

दुसऱ्या दाव्याला १९८२ मध्ये चांगला आधार मिळाल्यासारखं वाटलं. 'एसएक्सआर' नावाचे उंदीर असतात, दोन एक्स असूनही नर होणारे. सिंह आणि जोन्स यांनी बीकेएम वापरून दाखवलं की बापाच्या वाय गुणसूत्राचा एक तुकडा एक्सच्या टोकाला येऊन चिकटलेला असतो. हे निदान अचूक होतं आणि आजही तसंच मानलं जातं. बीकेएमनं तुकडा दाखवला, यात वाद नाही. पण तुकड्यात बीकेएम आहे म्हणून नर बनवणारं बीकेएमच, हे त्यातून निघत नाही. खूण आणि कारण शेजारी-शेजारी राहत होते एवढंच.

१९८५ मध्ये एका अमेरिकन गटानं मानवी वायवर बीकेएमचा असा झुबका नसल्याचं दाखवलं. तरीही माणसात नर होतातच. १९९० मध्ये लंडनच्या गटांनी वायवरचं 'एसआरवाय' जनुक शोधलं आणि पुढच्याच वर्षी ते दोन एक्स असलेल्या उंदराच्या भ्रूणात घालून नर बनवून दाखवला. लिंगनिश्चितीचा प्रश्न, निदान सस्तन प्राण्यांपुरता, तिथे मिटला. गाटाचा त्यात हात नव्हता.

पहिल्या दाव्यावरचा घाव १९८५ चाच, आणि मला तो जास्त शिकवणारा वाटतो. लेव्हिन्सन आणि सहकाऱ्यांनी, ज्यांत एप्लेनही होते, असं मांडलं की साप, माशी आणि उंदीर यांतले हे अनुक्रम एकाच पूर्वजाकडून आलेले नसून स्वतंत्रपणे उगवलेले असू शकतात. यंत्रणा साधी आहे. प्रत बनताना नवा धागा सुटून एक घर पुढे-मागे बसतो. जपमाळ ओढताना एखादा मणी दोनदा मोजला जावा, तशी चार अक्षरं दोनदा लिहिली जातात. ज्या भागात देवाणघेवाणीनं साफसफाई होत नाही, म्हणजे डब्ल्यू आणि वाय, तिथे अशा चुका साठत राहतात. चार अक्षरांचा शब्द इतका छोटा की तो कुठेही आपोआप सापडेल आणि तिथून वाढू लागेल. म्हणजे 'जपलं गेलं' म्हणून जे दिसत होतं, ते 'पुन्हा पुन्हा घडलं' असंही असू शकतं.

जपलेलं म्हणजे महत्त्वाचं, हा तर्क जनुकांना लागू पडतो. पुनरावृत्तींना तो तसाच लावता येत नाही. आजही प्रबंधांत ही गल्लत सर्रास दिसते.

हैदराबाद आणि न्यायालय

१९८७ मध्ये सिंह हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात, म्हणजे सीसीएमबीत आले. तोवर ॲलेक जेफ्रीज यांचं डीएनए फिंगरप्रिंटिंग इंग्लंडमध्ये १९८५ पासून गाजत होतं, पण त्यांचे प्रोब, म्हणजे जुळणारा अनुक्रम शोधायला वापरायचे खूण लावलेले डीएनए तुकडे, पेटंटखाली होते. बीकेएमनं तेच काम होऊ शकतं हे सीसीएमबीत सिद्ध झालं. सरकणाऱ्या प्रतींमुळे गाटाच्या माळा व्यक्तीगणिक लांब-आखूड होतात. डीएनए विकरानं कापा, जेलवर पसरा, पडद्यावर उतरवा, किरणोत्सर्गी बीकेएम लावा, फिल्म धुवा: प्रत्येक माणसाची रेघोट्यांची पट्टी वेगळी येते. ज्या गुणधर्मानं 'महत्त्वाचं काम' हा दावा डळमळीत केला, नेमका तोच गुणधर्म इथे उपयोगी पडला.

केरळातल्या तेल्लिचेरी इथल्या पितृत्वाच्या वादात सीसीएमबीचा अहवाल मान्य झाला आणि १९९१ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षी राजीव गांधी हत्येच्या तपासातले नमुने हैदराबादला आले, पुढे दिल्लीतल्या तंदूर हत्याकांडातलेही. नंतर फिंगरप्रिंटिंगसाठी हैदराबादेतच सीडीएफडी ही वेगळी संस्था उभी राहिली.

आज ओळख पटवायला बीकेएम प्रोब कुणी वापरत नाही. त्याला बराच आणि अखंड डीएनए लागतो, न्यायवैद्यक नमुना तसा क्वचितच असतो. पीसीआरनं एकेक जागा वाढवून मोजण्याची पद्धत आली. पण त्या जागांची यादी पाहा: डी७एस८२० आणि डी१६एस५३९ या, जगभर वापरल्या जाणाऱ्या दोन जागांवरची पुनरावृत्ती गाटाच आहे. सापाशी त्यांचा वंशसंबंध नाही, रचना तीच.

२०१७: अजगराचा खुलासा

आता ती नकारात्मक नोंद. बोआ-अजगरांत डब्ल्यू-सॅटेलाइट मिळत नाही, कारण त्यांचं डब्ल्यू अजून 'कोवळं' आहे, असं चाळीस वर्षं पाठ्यपुस्तकं सांगत होती. गंमत अशी की त्यांच्यात झेड-डब्ल्यू आहे हे कुणी सिद्धच केलेलं नव्हतं. दोन्ही गुणसूत्रं सारखी दिसत, बाकी सापांत झेड-डब्ल्यू, म्हणून इथेही तेच असणार, असं गृहीत धरलं होतं.

खटकणारी गोष्ट आली ती प्राणिसंग्रहालयं आणि साप पाळणाऱ्यांकडून. नराशिवाय कधीकधी मादीला पिल्लं होतात. व्हायपर आणि त्यांच्या जवळच्या सापांत अशी पिल्लं नर निघत, झेड-झेड. हे समजण्यासारखं होतं. बोआ आणि अजगरांत मात्र ती सगळी मादी निघत. २०११ मध्ये बोआच्या अशा पिल्लांना 'डब्ल्यू-डब्ल्यू' म्हणून जाहीर केलं गेलं, जे एरवी जगायलाच नको. सोपं उत्तर दुसरंच होतं: आई एक्स-एक्स असेल तर तिच्याकडून फक्त एक्सच येणार आणि पिल्लं मादीच होणार.

२०१७ मध्ये टोनी गॅम्बल आणि सहकाऱ्यांनी बोआच्या एका जातीच्या आणि बर्मी अजगराच्या नर-माद्यांचा डीएनए वाचून फक्त एका लिंगात सापडणाऱ्या खुणा शोधल्या. त्या नरांत मिळाल्या. म्हणजे एक्स-वाय. आणि बोआ व अजगर यांची ही गुणसूत्रंही एकाच मुळाची नव्हेत.

१९७६ ची नोंद पुन्हा वाचली तर ती बिनचूक आहे. डब्ल्यूचा सॅटेलाइट मिळाला नाही, कारण मिळायला तिथे डब्ल्यू नव्हतंच. चुकला तो ओनोंचा जिना, त्याची सगळ्यात खालची पायरी दुसऱ्याच इमारतीची निघाली. पुढारलेल्या सापांपुरता 'आधी पुनरावृत्ती, मग आकारबदल' हा बनारसचा क्रम मात्र त्यानं मोडत नाही.

आज हेच काम हाती घ्यायचं तर

रक्त कमी घ्या. केंद्रकयुक्त रक्ताचे ५ ते १० मायक्रोलिटर पुरतात. माणसाच्या रक्ताच्या सवयीनं जास्त घातलं की द्राव चिकट लगदा होतो आणि गाळणीत अडकतो. कातीतूनही डीएनए मिळतो, पण तुटलेला, पुनरावृत्तींच्या अभ्यासाला फारसा कामाचा नाही. नमुना मादीचा आहे याची खात्री आधी करा, कारण नराचा जीनोम कितीही नीट वाचला तरी डब्ल्यू त्यात नसतं. रानटी साप पकडायला वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते, हे वेगळं सांगायला नको.

दीडशे-दीडशे अक्षरांचे तुकडे वाचणाऱ्या यंत्रावर गाटाच्या लांब माळा जवळजवळ अदृश्य होतात. सगळे तुकडे सारखे, कोणता कुठला हे संगणकाला ठरवता येत नाही आणि तो शेकडो प्रतींची एकच प्रत करून टाकतो. हजारो अक्षरं सलग वाचणारी यंत्रं इथे हवीत, आणि सोबत काचेवर गुणसूत्र ठेवून खात्री करण्याची जुनी पद्धतही. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गटानं चमकणाऱ्या प्रोबनं तसं केलं आणि कोंबडीच्या व सापाच्या डब्ल्यूवर बीकेएम पुन्हा दिसलं, जरी पक्ष्यांचं आणि सापांचं डब्ल्यू एका मुळाचं नाही.

गाटाला काहीच काम नाही, असंही शेवटी म्हणता येत नाही. १९९४ मध्ये सीसीएमबीत गाटाला चिकटणारं एक प्रथिन मिळालं, तेही ज्या लिंगाकडे दोन वेगळी लिंग-गुणसूत्रं असतात त्याच्याच जननपेशींत. २००३ मध्ये जीनोमभर मोजणी झाली तेव्हा गाटा लिंग-गुणसूत्रांकडे झुकलेलं दिसलं, मानवी वायही त्यात आलं. १९८५ च्या निष्कर्षाशी हे भांडत नाही: झुबका नसला तरी विखुरलेल्या छोट्या माळा असू शकतात. आणि २०१३ मध्ये राकेश मिश्रा यांच्या गटानं, ज्यात सिंहही होते, गाटाच्या माळा एका जनुकाच्या स्विचचा परिणाम शेजारच्या जनुकापर्यंत जाऊ न देणारी सीमा म्हणून काम करू शकतात हे दाखवलं. लिंग ठरवणं हे काम नव्हे, कुंपण घालणं हे असू शकेल. सापाच्या डब्ल्यूवर त्या माळा इतक्या दाट का, याचं उत्तर मात्र नुसत्या कुंपणानं मिळत नाही. तिथे सरकणाऱ्या प्रतींचा हिशेब धरावाच लागतो.